टेबलावर बोलावणं

दशांशताईंचा नवरा शर्टाला इस्त्री करून झाली की हँगर दोन बोटांत धरून त्यांच्यासमोर उभा राहायचा.

"बोला, परीक्षक."

"कॉलरला सुरकुती. शून्य पॉइंट एक."

"फक्त?"

"डाव्या बाहीला दुहेरी घडी. शून्य पॉइंट तीन. आणि वर दात दाखवतोयस, त्याचं आणखी एक."

"दात दाखवल्याबद्दल कुठल्या नियमात कापतात हो?"

"माझ्या."

नाव असंच पडलं. घरात पडलं की बाहेर, ते आता कुणाला आठवत नाही. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये झाडूवाल्यापासून कोचपर्यंत सगळे त्यांना दशांशताईच म्हणायचे. पोटापाण्यासाठी त्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायच्या. संध्याकाळ आणि रविवार मात्र पंच संघटनेचे. संघटनेच्या त्या सरचिटणीस. आणि सरचिटणीस म्हणजे सगळंच. कोण कुठल्या स्पर्धेला जज म्हणून जाणार, कुणाची भाची कुठल्या क्लबात आहे म्हणून तिला तिथे बसवायचं नाही, कुठला कोच कुणावर का रुसलाय, कुणाच्या सासूचं ऑपरेशन आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कचेरी म्हणजे हॉलच्या जिन्याखालची खोली. दारामागे एक जुना उडी मारायचा घोडा ठेवलेला, त्यामुळे दार अर्धंच उघडायचं. "संघटनेत यायचं तर पोट आत घ्यावं लागतं," असं खजिनदार तात्या म्हणायचे. त्यांना तर श्वासही सोडावा लागायचा.

नव्या जजांचा वर्ग ताईच घ्यायच्या. जिम्नॅस्टच्या प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला एक खूण असते. मुलगी बीमवर, म्हणजे त्या चार बोटं रुंदीच्या उंच पट्टीवर असताना जज त्या खुणा भराभर लिहीत जातो. कागदाकडे न बघता.

"डोळा मुलीवर, हात कागदावर," ताई फळ्यापाशी येरझाऱ्या घालत म्हणायच्या. "खुणा कोंबडीच्या पायांसारख्या आल्या तर येऊ देत. सुरेख अक्षर काढायची हौस असेल तर दुकानांच्या पाट्या रंगवा. ती पोरगी वर्षभर घाम गाळते आणि दीड मिनिटं तुमच्यासमोर असते. त्या दीड मिनिटात तुमची मान खाली गेली, तर तुम्ही जज नाही. प्रेक्षक. तेही फुकटे."

वर्ग हसायचा. ताई हसायच्या नाहीत.

संघटनेत सगळ्यात धास्तीचे शब्द दोन. पहिला, 'टेबलावर बोलावणं'. चार जजांपैकी एखाद्याचा आकडा बाकीच्यांपासून फारच लांब गेला, की प्रमुख जज त्याला आपल्या टेबलापाशी बोलावतो, पुन्हा विचार करायला सांगतो. सगळ्या हॉलसमोर. दुसरा शब्द, 'विश्रांती'. टेबलावर येऊनही जो अडून बसला आणि चुकीचा ठरला, त्याला एक अख्खा हंगाम जज म्हणून बसायला मिळत नाही, शिकाऊंच्या वर्गात पुन्हा बसावं लागतं. हा नियम ताईंचा. शब्दही ताईंनीच शोधलेला. "शिक्षा म्हटलं की माणसं भांडतात," त्या म्हणायच्या, "विश्रांती म्हटलं की घरी जातात."

त्या दिवशी मुलींची बीमची अंतिम फेरी होती. प्रमुख जज ताई. गुण देणारे चौघं. एका बाजूला तात्या आणि त्यांच्याशेजारी दोघी जुन्या मैत्रिणी, ज्यांना सगळे जुळ्या म्हणत, कारण त्यांचे आकडे कायम सारखे यायचे. पलीकडच्या टोकाला एकटी पेन्सिल. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली असायची म्हणून पेन्सिल. बुटांच्या दुकानात नोकरी करायची. परीक्षेत पहिली आली होती आणि अशी मोठी फेरी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. ताईंनीच दिली होती. "चांगले डोळे आहेत पोरीचे," असं चारचौघांत म्हणाल्याही होत्या.

शेवटची आली ती नाकतोडी. लांब पायांची, सदा उडत असलेली शाळकरी मुलगी. बीमवर ती चढली आणि हॉलमधली कुजबुज थांबली. ताईंचा हात कागदावर सरसरत होता. उलटी कोलांटी, खूण. एका पायावर गिरकी, खूण. मग उतरायच्या आधीची दोन उड्यांची जोडी. ती खूण लिहिताना पेनाची निब अडखळली, रेघ तिसरीकडेच गेली. पुढच्या वर्गात हा कागद नमुना म्हणून दाखवायचा, असं ताईंच्या मनात होतं. त्यांनी मान खाली घातली आणि ती रेघ नीट केली.

तेवढंच. एक रेघ.

गादीवर धप्प आवाज झाला. पलीकडून कुणीतरी "च्च" केलं. ताईंनी मान वर केली तेव्हा नाकतोडी दोन्ही हात वर करून ताठ उभी होती, हसत होती.

आकडे आले. तात्यांचा आठ पॉइंट पाच. जुळ्यांचा आठ पॉइंट चार, आठ पॉइंट चार. पेन्सिलीचा सात पॉइंट चार.

खरं म्हणजे सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा तसाही वगळतात. पेन्सिलीच्या आकड्याने काही बिघडणार नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. आणि मंचासमोर कोच ताटकळत होते, आईबाप खुर्च्यांवरून पुढे झुकले होते. ताईंनी बोटाने खूण केली.

पेन्सिल टेबलापाशी आली. एरवी ताई तिला अगंतुगं करायच्या.

"तुमचा आकडा लांब आहे," ताई म्हणाल्या.

'तुमचा' ऐकून पेन्सिलीने एकदा डोळे मिचकावले. "हात टेकला, ताई. उतरताना. डावा. नुसता लागला नाही, सगळा भार हातावर आला. म्हणून पूर्ण एक गुण कापला."

"बाकी कुणाला दिसला नाही."

"त्यांच्या बाजूने नाहीच दिसणार, अंगाआड होता. पण तुमच्या खुर्चीवरून..." ती जरा पुढे वाकली, आवाज लहान झाला. "तुम्हाला दिसला असेल ना?"

एवढा सोपा प्रश्न. 'मी पाहिलं नाही.' तीन शब्दांचं उत्तर. एकदा काय, शंभर वेळा ताईंनी वर्गात सांगितलं होतं, दिसलं नाही तर नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही.

"मला दिसला असता," ताई म्हणाल्या, "तर मी तुम्हाला इथे बोलावलं असतं का?"

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर ते जिभेवरून इतकं सुळकन गेलं.

पेन्सिलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी पाहिलं ते लिहिलं."

"म्हणजे बदलणार नाही?"

"नाही."

"बसा."

ती वळली तसे तात्या जुळ्यांच्या कानाशी, पण हॉलभर ऐकू जाईल असं कुजबुजले, "नवी विटी, नवं राज्य. तिला भुतंही दिसतात." जुळ्या हसल्या. दोघी एकदमच.

नाकतोडी पहिली आली.

पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात आली. गालात कापूस, अर्धा ओठ बधिर, सोबत आजोबा. दाढ काढून झाली होती. आजोबा पुढची वेळ ठरवत होते आणि ही काउंटरवर हनुवटी टेकवून ताईंकडे टक लावून बघत होती.

"तुम्ही बीमच्या बाई ना?"

"अगं, तोंडात कापूस आहे, बोलू नकोस," आजोबा म्हणाले.

"एकच विचारते." कापूस गालात सरकवला. "माझा हात टेकला होता ना?"

ताईंचा हात कीबोर्डवर थांबला.

"मी ना, रडायच्या तयारीतच होते," नाकतोडी सांगायला लागली, बधिर ओठाने शब्द घरंगळत होते. "म्हटलं गेलं, संपलं. मग आकडे आले तर पहिली! सर म्हणाले, गप्प बस, जजना दिसतं ते खरं. पण माझं मनगट दोन दिवस दुखत होतं. म्हणून विचारलं. टेकला होता की नाही?"

"गुरुवारी चालेल का, आजोबा?" ताई म्हणाल्या.

"पळेल," आजोबा म्हणाले.

मुलगी हलली नाही. उत्तराची वाट बघत उभी. पोरांना तेवढं बरोबर येतं.

"जजनी दिलं ते बरोबरच असतं, बाळा."

नाकतोडीने डाव्या मनगटाकडे पाहिलं, उजव्या हाताने ते जरा चोळलं. "म्हणजे मला उगाच वाटलं."

"हं," ताई म्हणाल्या.

ती दाराबाहेर गेली आणि ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलापाशी निदान त्या खोटं नव्हत्या बोलल्या. हे 'हं' मात्र धडधडीत खोटं होतं, आणि एका लेकराच्या तोंडावर. आतून डॉक्टरीणबाईंनी दोनदा हाक मारली. "अहो, पुढचा पेशंट! तुमचीच दाढ दुखतेय का आज?"

दुसऱ्या दिवशी त्या थेट पेन्सिलीच्या दुकानात गेल्या. सांगूनच टाकायचं, असं घोकत गेल्या. दुकानात गर्दी नव्हती. पेन्सिलीने त्यांना पाहिलं आणि गडबडून स्टूल पुढे सरकवला.

"बसा ना, ताई. दाखवू काही?"

"नाही, मी जरा..."

"मॅनेजर बघतोय," ती हळूच म्हणाली. "बसा. पाय द्या."

आणि ती चक्क त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. त्यांची चप्पल काढली, पाय मापाच्या पट्टीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ताईंना आपले पाय कुठे लपवावेत ते कळेना.

"मी तुमच्याकडे येणारच होते," पेन्सिल खाली बघत म्हणाली. "ताई, मीच चुकले असेन."

"अगं..."

"नाही, ऐका. मी घरी प्रयोग केला. भावाला बाकावरून उडी मारायला लावली. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून. तिसऱ्या वेळी त्याचा पाय मुरगळला, आई अजून माझ्याशी बोलत नाहीये." तिने हसून पाहिलं, जमलं नाही. "पहिल्यांदा वाटलं, दिसतंय की! मग वाटलं, सावली असेल. वर ते मोठे दिवे होते ना. आता तर डोळे मिटले की कधी हात दिसतो, कधी दिसत नाही. आणि तुम्ही तर समोरच होतात. तुम्हाला दिसला नाही म्हणजे नव्हताच. मी एका सावलीसाठी त्या पोरीचा अख्खा गुण कापला. फार लाज वाटते, ताई."

लाज वाटते, ती म्हणाली. ती!

ताईंनी पट्टीवरचा पाय मागे ओढला, पेन्सिलीने तो परत पुढे घेतला.

"रविवारी माझ्या विश्रांतीचा ठराव आहे ना, त्या सभेला मी नाही येत. तुम्हीच सांगा सगळ्यांना, मला विश्रांती मान्य आहे." तिने बूट चढवला, अंगठ्याने टोक दाबून पाहिलं. "चावतोय का?"

"नाही," ताई म्हणाल्या. बूट चांगलाच चावत होता. "बसला."

आणि त्यांनी ते बूट विकत घेतले, खोका काखेत मारला, आणि घरी आल्या.

नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट समोर धरला. "बोला, परीक्षक."

"छान आहे."

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. "कोण गेलं?"

मग त्यांनी सांगितलं. पलंगाच्या कडेवर बसून, खोका मांडीवर घेऊन, सगळं. तो मधे एक शब्द बोलला नाही, आणि हा माणूस जाहिरातींशीही बोलायचा.

"मग सांगून टाक ना सभेत," तो शेवटी म्हणाला. "माणूस आहेस. एक रेघ नीट केलीस."

"रेघेचं नाही रे. रेघेचं मी सांगेनही." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, उघडलं, लावलं. "आजवर कितीतरी जणींना मी टेबलावर बोलावलंय. काही जणी रडत गेल्या. काही परत आल्याच नाहीत. मी बोलले की त्या सगळ्या विचारतील, तेव्हा तरी तुम्ही बघत होतात का? आणि मला आठवत नाही रे. बहुतेक बघत होते. बहुतेक!"

"म्हणजे तू पेन्सिलीला चुकीचं ठरू देणार, त्या बाकीच्यांनी विचारू नये म्हणून."

"असं म्हणू नकोस."

"मी कुठे म्हणतोय? तूच म्हणतेयस. मी फक्त मोठ्याने म्हटलं."

ताईंनी खोका पलंगाखाली सरकवला. मग उठून पेन्सिलीला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "सभेला ये. माझ्यासाठी ये."

रविवारी सकाळी हॉलमध्ये गाद्या गुंडाळून भिंतीशी लावल्या होत्या, मधे प्लास्टिकच्या खुर्च्या. पेन्सिल शेवटच्या रांगेत, दारापाशी. तात्यांनी विषय वाचला, घाईतच, कारण पुढे चहा होता. "सदर पंचांनी टेबलावर बोलावूनही आकडा बदलला नाही, सबब नियमाप्रमाणे एक हंगाम विश्रांती. त्यांनाही मान्य आहे असं कळतं. हात वर करा, मोकळे व्हा."

हात वर जायला लागले.

"खाली घ्या," ताई म्हणाल्या.

आवाज एवढा बारीक निघाला की जुळ्यांपैकी एकीने "काय म्हणाल्या?" असं दुसरीला विचारलं.

"हात खाली घ्या. मुलीचा हात टेकला होता. मी पाहिला नाही, कारण मी कागदाकडे बघत होते. एक खूण वाकडी आली होती, ती सरळ करत होते. मी पाहिलं नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. तरी मी हिला टेबलावर बोलावलं."

हॉलमध्ये कुठेतरी गादीची गुंडाळी आपोआप उलगडल्याचा आवाज झाला. मग सगळे एकदम बोलायला लागले. ताईंना वाटलं होतं तसं कुणी काही विचारलं नाही. त्याहून वाईट झालं.

"अहो ताई, एवढंच ना!" तात्या म्हणाले. "मी तर गेल्या वर्षी अख्खी शिंक दिली, दोन उड्या गेल्या!"

"कुणाचं होत नाही?"

"तुम्ही मन मोठं करून सांगितलंत, हेच किती!"

"ताईंसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत," एक जुळी म्हणाली आणि दुसरीने वाजवलीसुद्धा.

ताई उभ्याच होत्या. पेन्सिलीला हसायला ज्यांना दोन सेकंद लागले नव्हते, त्यांना ताईंना माफ करायला एक सेकंदही लागला नाही. टाळ्यांचा एकेक आवाज त्यांच्या कानशिलावर बसत होता.

"टाळ्या नकोत," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे विश्रांती मला द्या. मीच मांडते ठराव. अनुमोदन?"

तात्या पंख्याकडे बघायला लागले.

"अहो, तुमच्याशिवाय इथे दिवा तरी लागतो का!"

"अनुमोदन?" ताईंनी पुन्हा विचारलं. आता ती विनवणीच होती.

"माझं."

दारापाशी पेन्सिल उभी राहिली होती. सगळ्या माना मागे वळल्या. ती कुणाकडे बघत नव्हती, ताईंकडेच बघत होती.

"म्हणजे मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि दुकानात आलात तेव्हा? मी तुमच्या पायाशी बसून माफी मागत होते तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं. सांगायलाच आले होते. नाही सांगितलं."

पेन्सिलीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. ताईंना वाटलं, आता ती रडेल, किंवा ओरडेल. दोन्ही चाललं असतं. तिने वेगळंच विचारलं.

"आणि त्या मुलीला? तिला कळलं असणार ना. हात तिचा होता."

"तिने विचारलं मला. दवाखान्यात आली होती. मी म्हटलं, तुला उगाच वाटलं."

आता मात्र कुणी 'कुणाचं होत नाही' म्हणालं नाही. टाळी वाजवणाऱ्या जुळीने हात मांडीखाली घेतले.

"मग आधी तिला सांगा," पेन्सिल म्हणाली. "मला नंतर सांगितलंत तरी चाललं असतं. मी मोठी आहे, बाकावरून भावाला ढकलू शकते. ती पुढच्या वेळी बीमवर चढेल आणि हात टेकला तरी तिला वाटेल, नसेल टेकला. तिला आपलं अंगच कळणार नाही."

"सभा झाली की लगेच..."

"सभा थांबेल, ताई."

असं त्यांच्याशी त्या हॉलमध्ये कधी कुणी बोललं नव्हतं. ताईंनी पिशवीतून फोन काढला. दवाखान्यामुळे आजोबांचा नंबर त्यात होताच. बाहेर व्हरांड्यात जावं असं वाटलं. दोन पावलं टाकलीही. मग त्या तिथेच, खुर्च्यांच्या मधोमध थांबल्या.

"हॅलो, आजोबा? मी दवाखान्यातली... नाही, नाही, दाढेचं काही नाही. मी आज जज म्हणून फोन केलाय. नात आहे का घरात?"

"आहे की. गच्चीवर दोरीच्या उड्या चालल्यात, खालचे शेजारी शिव्या घालतायत. काय निरोप देऊ?"

"निरोप नको. तिलाच द्या."

फोनमधून आजोबांची हाक ऐकू आली, मग जिन्यावर धडधड पावलं, मग धापा.

"हॅलो? कोण?"

"बीमच्या बाई. ऐक. तुझा हात टेकला होता. तुला वाटलं ते बरोबर होतं. मी त्या वेळी बघत नव्हते."



"मला माहीतच होतं!" नाकतोडी एवढ्या जोरात ओरडली की पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. मग आवाज खाली आला. "मग ते मेडल परत द्यायचं का?"

"नाही. निकाल आता बदलत नाही. चूक आमची, तुझी नाही."

"मग त्या दिवशी मला उगाच वाटलं, असं का म्हणालात?"

ताईंनी वर पाहिलं. सगळी संघटना त्यांच्याकडे बघत होती. तात्या, जुळ्या, ज्यांना त्यांनी शिकवलं होतं ते सगळे, आणि दारापाशी पेन्सिल, अजून उभीच. कुणाचीच मान खाली नव्हती.

"मला माझी लाज वाटत होती," दशांशताई म्हणाल्या, "म्हणून मी तुझ्याशी खोटं बोलले."

"खोटं?" नाकतोडीने विचारलं. मोठ्या बायका असं करतात, हे तिला नव्यानेच कळत होतं.

"हो, बाळा. खोटं."

ताईंनी फोन कानाला लावून ठेवला आणि ती काय म्हणते याची वाट पाहत उभ्या राहिल्या.